नाना आणि कॉम्प्युटरचा नाका

धुळ्याला खोली बघायला गेले, तेव्हा नानांनी मला फाटकाच्या बाहेरच उभं केलं. फाटकाला साखळी होती. साखळीच्या पलीकडे लोखंडी खुर्ची, खुर्चीत नाना आणि मांडीवर लांबट, लाल पुठ्ठ्याची वही.

"कोठून उनी?"

"जळगावहून."

"कोठे जास?"

"इथंच. भाड्याच्या खोलीची पाटी वाचली, म्हणून..."

"काय शे?"

हा प्रश्न मला कळला नाही. नानांनी पेनानं माझ्या पिशवीकडे बोट केलं. पिशवीत डबा होता, टॉवेल होता आणि भरिताची दोन वांगी होती. तसं सांगितलं. त्यांनी साखळीवरून हात लांबवून पिशवी उचलून बघितली, परत दिली आणि म्हणाले, "तीन शेतस."

मी पिशवीत हात घातला. तीन होती. निघताना सासूबाईंनी एक जास्तीचं टाकलं होतं, मला न सांगता.

नानांनी वहीत काहीतरी लिहिलं, आकड्यातून साखळी काढली आणि मी आत गेले. हा माणूस वेडा आहे आणि महिनाभरात दुसरी खोली बघायची, हे मी त्याच पावली ठरवलं. पुढे साडेतीन वर्षं तिथंच राहिले.

आताच्या मुलांना जकात समजावून सांगावी लागते. गावात विकायला येणाऱ्या मालावर नगरपालिका कर घेत असे आणि त्यासाठी गावात शिरणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर नाका असे. रस्त्यावर आडवा बांबू, शेजारी पत्र्याची खोली, खोलीत कारकून. नानांची सगळी नोकरी पारोळा रोडच्या नाक्यावर गेली. मी त्यांच्याकडे आले तेव्हा ते निवृत्त झालेले होते, पण ही बातमी त्यांनी स्वतःपर्यंत पोचू दिली नव्हती. सकाळी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून ते फाटकाशी बसत. गल्लीत शिरणारा प्रत्येक जण, हातगाडीवाला, पाहुणा, डॉक्टर, वहीत जाई. कुठून आला, कुठं चालला, काय आहे. तीन रकाने. वही कोणाला दाखवत नसत. मी एकदा चहाचा कप ठेवण्याच्या निमित्तानं वाकून बघितलं, तर त्यांनी परीक्षेतल्या पोरासारखा तळवा पसरून पान झाकलं.

माणसांच्या चेहऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता, कागदावर त्याहून कमी. "ड्रायव्हर हसस, बिल्टी बी हसस," म्हणायचे. "पाटा कधी हसत नही." बिल्टी म्हणजे मालाचा कागद आणि पाटे म्हणजे ट्रकच्या चाकावरच्या लोखंडी पट्ट्या. आत माल असला की त्या सपाट होतात. रावेरचा ट्रक 'रिकामा शे भाऊ' म्हणत आला, की नाना बिल्टी न वाचता आधी खाली वाकून बघत.

आता माझ्याबद्दल सांगते, म्हणजे तुम्हाला मजा येईल. वय तेहेतीस. जळगावात नवरा, आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. मी धुळ्याजवळच्या एका सूतगिरणीत कॉम्प्युटर विभागात, शनिवारी घरी जाणारी, सोमवारी परतणारी. बी.एस्सी.ला पहिला वर्ग मिळालेला. तो वर्ग मिळून दहा-बारा वर्षं झाली होती, पण बोलताना मी तो परवाच मिळाल्यासारखा काढायची. गिरणीत मला सगळे मॅडम म्हणत आणि मी ते खरं मानलं होतं.

गिरणीचं सूत परदेशात जात होतं. तिकडचे घेणारे म्हणाले, ऑर्डरी कॉम्प्युटरवरून पाठवू, पण तुमच्या कॉम्प्युटरांच्या दाराशी फायरवॉल पाहिजे आणि ती सांभाळायला परीक्षा पास झालेला माणूस पाहिजे. साहेबांनी सगळ्यांकडे बघितलं. मी बोट वर केलं. फायरवॉल हा शब्द मी त्याच्या आदल्या आठवड्यात पहिल्यांदा वाचला होता.

परीक्षा पुण्याला, कॉम्प्युटरवरच. पुण्याहून झेरॉक्स केलेलं, स्पायरल लावलेलं उशीएवढं पुस्तक आणलं. जुन्या प्रश्नांचा एक गठ्ठाही आणला. आणि शाळेत 'पानिपतच्या लढाईची कारणे' पाठ केली होती तसं सगळं पाठ केलं. प्रश्नाची पहिली तीन अक्षरं दिसली की उत्तर तोंडात. समजलं का, असं कोणी विचारलं असतं तर मला राग आला असता. कोणी विचारलंही नाही.

पुण्यात कॉम्प्युटरनं प्रश्नांचे शब्द बदलले होते. माझं पाठांतर तसंच्या तसं माझ्याजवळ राहिलं. दोन तासांनी पडद्यावर उत्तर आलं. मला वाटलं होतं निकालाला महिना तरी लागेल, रडायला वेळ मिळेल. छे. बटण दाबलं की नापास.

तिथून जळगावला आले. दारात सासूबाई निरांजन घेऊन उभ्या. मागे शेजारच्या दोघी. "झाली ना गं पास?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. मान नक्की कोणत्या दिशेनं हलली ते आजही मला सांगता येणार नाही, पण सासूबाईंनी ओवाळलं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत पेढे वाटून झाले होते. सोमवारी गिरणीत साहेबांनी विचारलं. प्रमाणपत्र परदेशातून पोस्टानं येतं, असं मी सांगितलं. ते खरं होतं. ते आल्याशिवाय काहीच दाखवता येत नाही, असंही सांगितलं. ते मी बनवलं होतं.

"आखाजीपर्यंत येईल ना?" साहेब म्हणाले. "नाही तर नाशिकच्या कंपनीला बोलावतो. मग तुमच्या विभागाचं काय करायचं ते बघावं लागेल."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, उन्हाळ्यात. मी पुन्हा मान हलवली. त्या महिन्यात माझ्या मानेला फार काम पडलं.

पण ही गिरणीतली गोष्ट दुपारची. त्याच सोमवारी सकाळी मी जळगावहून एस.टी.नं उतरून फाटकाशी आले होते, आणि तिथं नाना होते.

"कोठून उनी?"

"पुण्याला गेले होते. तिथून जळगाव, जळगावहून इथं."

"कोठे जास?"

"खोलीत."

"काय शे?"

"काही नाही. कपडे आहेत. आणि परीक्षा पास झाले."

नाना माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्याकडे नाही, खांद्यांकडे. मग हळूच म्हणाले, "भरेल गयी, भरेलच उनी."

"म्हणजे?"

"विकायले माल लई जास तो ट्रक येताना रिकामा येस. तू गयी तशीच उनी. बठ्ठा माल आतच शे."

त्यांनी वहीत दोन रकाने भरले. तिसऱ्यापाशी पेन टेकवलं आणि उचललं. साखळी काढली. मी खोलीत जाऊन पदर तोंडात कोंबून रडले, आणि मग आतून खरोखरच थोडी रिकामी झाले.

दुसऱ्या दिवशी मीच सांगितलं. अक्काही तिथंच होत्या, लसूण सोलत. अक्का म्हणजे नानांची बायको. चौथी शिकलेल्या, वाचताना प्रत्येक ओळीखाली बोट धरायच्या आणि लिहिलं असेल तेवढंच करायच्या. औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्यावे' असं होतं म्हणून औषध संपून बाटली रिकामी होईपर्यंत रोज मोजून दहा वेळा हलवत.

"कसानी परीक्षा व्हती?" नानांनी विचारलं.

मी म्हणाले, नाना, तुम्हाला नाही समजणार. (बघा, नापास होऊनही.) त्यांनी 'सांग' अशी हातानं खूण केली, म्हणून मग मी सोपं करून सांगू लागले. बाहेरून कॉम्प्युटरकडे माहितीचे लहान लहान गठ्ठे येतात. फायरवॉल प्रत्येक गठ्ठा अडवून बघते, कुठून आला, कुठं चालला आणि आत काय प्रकारचं आहे. तिच्याकडे नियमांची यादी असते...

बोलता बोलता मी थांबले. नाना खुर्चीत सरळ बसले होते.

"हाऊ तं नाका शे," ते म्हणाले. "येडी, तू नाकानी परीक्षा दिन्ही आन माले इचारं नही?"

त्या दिवसापासून मी दुसऱ्यांदा अभ्यासाला बसले. पुण्याला गुपचूप नाव नोंदवलं, आखाजीच्या आधीच्या आठवड्याची तारीख घेतली. सकाळी गिरणीत जायच्या आधी तासभर नाना मला पारोळा रोडच्या नाक्यावर घेऊन जायचे. तिथले कारकून त्यांना बघून उभे राहत आणि मला बघून गोंधळत. मी स्पायरलचं पुस्तक मांडीवर घेऊन पत्र्याच्या खोलीत बसायची, बाहेर बांबू वर-खाली व्हायचा.

पुस्तकात एक प्रकरण होतं, ते मला सात वेळा वाचून कळलं नव्हतं. आतून बाहेर गेलेल्या गोष्टीचं उत्तर परत आलं, तर फायरवॉल त्याला नव्यानं तपासत नाही, कारण तिला आठवत असतं. कसं आठवतं? नानांनी मला बँडवाल्यांची गोष्ट सांगितली.

धुळ्याचा एक बँड धरणगावला लग्नात वाजवायला जायचा. वाद्यं बाहेर जाताना नाक्यावर नोंद व्हायची: इतके ढोल, इतक्या पिपाण्या, एक मोठा भोंगा. परत येताना कारकून ती नोंद काढून बघायचा आणि सोडून द्यायचा. गावचीच वाद्यं, गावात परतली. "पन आमी परत येतस, असं बठ्ठाच म्हनतस," नाना सांगत होते. "गयेल नोंद शे का, ते देखानं. नोंद शे तं सोड. नही तं नवा शे, पहिलेपासून इचार." एकदा त्या बँडच्या टेम्पोत जाताना दोन ढोल होते, येताना तीन.

"मग?"

"बँडमास्तर म्हने, नाना, वरातमा भेटना."

"मग तुम्ही काय केलं?"

"दोन ढोल सोडात. तिसराले म्हन्तं, तू पाहुना शे, तू थांब."

मी पुस्तक उघडलं, ते प्रकरण वाचलं, आणि प्रत्येक वाक्यात मला तिसरा ढोल दिसू लागला. त्यानंतर ते प्रकरण मी कधी विसरले नाही.

पण माझं खरं घोडं अडलं होतं नियमांच्या क्रमात. फायरवॉल यादी वरून खाली वाचते. जो नियम पहिला लागू पडेल, तो लावते आणि पुढचं वाचतच नाही. हे मला तोंडपाठ होतं, तरी पुण्यात नेमके हेच प्रश्न चुकले होते. नाना म्हणाले, तोंडी नको. रविवारी तू जळगावला जाऊ नको. आपल्या फाटकासाठी यादी लिही, अक्का नाक्यावर बसेल.

पाटी आणली, खडू आणला. आता माझी हुशारी ऐका. पुस्तकात ठळक अक्षरांत छापलं होतं की सगळं अडवणं हे सुरक्षिततेचं पहिलं तत्त्व आहे. पहिलं तत्त्व, म्हणून मी ते पहिल्या ओळीत लिहिलं. 'कोणालाही आत सोडू नये.' खाली छान अक्षरात: नानांना सोडावे. दूधवाल्याला सोडावे. गॅसवाल्याला सोडावे. खोलीतल्या बाईंना सोडावे. पाटी फाटकाला रस्त्याच्या बाजूनं टांगली, अक्कांना दाखवली आणि न्हाणीघरात डोकं धुवायला गेले.

नाना बाजारात भाजी आणायला गेले होते. चैत्रातलं ऊन. मी केस पुसत बाहेर आले, तर नाना साखळीच्या पलीकडे पिशवी घेऊन उभे आणि अक्का त्यांच्या खुर्चीत.

"अक्का, मन्हं नाव शे ना पाटीवर. दुसरी ओळ देख."

"पहिली ओळमाच 'नही' लिखेल शे," अक्का म्हणाल्या. साखळीवरून हात पाटीवर आणि बोट पहिल्या ओळीखाली. "दुसरीलगून मी जाऊच कशी?"

"मी नवरा शे तुन्हा!"

"ते पाटीवर लिखेल नही."

दूधवाला येऊन परत गेला होता. त्याहून वाईट म्हणजे पंधरा दिवस वाट बघायला लावून आलेला गॅसवालाही सिलिंडर खांद्यावर घेऊन परत गेला होता. "अक्का, काय झालं घरात?" असं विचारून गेला म्हणे.

मी धावत फाटकाबाहेर गेले आणि पदरानं पहिली ओळ पुसायला लागले. अक्कांनी माझा हात धरला.

"तू आते बाहेर शे. बाहेरनानी पाटी पुसानी नही."

"अहो, पण मीच लिहिली ना!"

"लिखी तवय तू आत व्हती."

आता नाना आणि मी दोघंही रस्त्यावर, समोरच्या घराच्या सावलीत. माझे केस ओले, पायात चप्पल नाही. मला रडू येत होतं आणि नाना इतके खूश होते की त्यांनी पिशवीतली काकडी मोडून अर्धी मला दिली. "अशीच बाई पाह्यजे व्हती नाकावर," ते म्हणाले. "माले आख्खी नोकरीमा एक बी भेटना नही."

तासाभरानं अक्कांनाच आमची दया आली, किंवा भाजी हवी होती. त्या उठल्या, स्वतःच्या बोटानं पहिली ओळ पुसली आणि मला खडू दिला. "हाई बठ्ठासना खाले लिख," म्हणाल्या, म्हणजे सगळ्यांच्या खाली. "मन्हं बोट वरतून खाले येस. ज्याले सोडानं त्यानं नाव आधी भेटूदे. उरना तो उरना."

स्पायरलच्या पुस्तकात त्यावर अख्खं प्रकरण होतं. अक्कांनी ते चूल पेटवायच्या आधी सांगून टाकलं. चूल म्हणजे खरंच चूल, कारण पुढचा आठवडाभर गॅस नव्हता.

परीक्षेच्या थोडं आधी बातमी आली की नगरपालिकांची जकात उठली. नाना एकटेच नाक्यावर जाऊन आले. बांबू उभा करून खांबाला दोरीनं बांधून टाकला होता, ट्रक न थांबता जात होते. घरी आल्यावर दोन दिवस त्यांनी वही उघडली नाही. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कोणी लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी मी पुण्याला निघाले, तेव्हा मात्र खुर्चीत होते.

"कोठे जास?" एवढंच विचारलं.

"पुण्याला."

"काय शे?"

"भरलेली आहे," मी म्हणाले.

"खाली करीसनच ये."

पुण्यात नियमांच्या क्रमाचे प्रश्न आले. प्रत्येक वेळी मी मनात अक्कांचं बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं आणि खाली सरकवलं. शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ माझ्याकडे बघत होता, कारण मी खरोखरच पडद्यावर बोट फिरवत होते. बटण दाबलं. पास.

तिथंच हाती मिळालेला निकालाचा छापील कागद साहेबांच्या टेबलावर आखाजीच्या आत गेला. वरची तारीख त्यांनी वाचली नाही. पुढे प्रमाणपत्र आलं, ते सासूबाईंनी फ्रेम करून जळगावच्या भिंतीवर लावलं, तारखेसकट. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि ज्यांना येत होतं त्यांना पेढ्यांची तारीख आठवत नव्हती. वाचले.

गिरणीत फायरवॉलची पेटी बसली. नियम मी माझ्या हातानं टाकले, 'बाकी सगळं अडवा' सर्वांत शेवटी. नानांनी एकच मागितलं: नाका दाखव. साहेबांची परवानगी काढून मी त्यांना घेऊन गेले. पांढरा सदरा, नवी टोपी. थंडगार खोलीत एक करडी पेटी आणि एक पडदा.

"बांबू कोठे शे?"

"आतमध्येच आहे, नाना. दिसत नाही."

ते खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. पडद्यावर नोंदी सरकत होत्या, एकामागून एक, न थांबता. मी ओळ वाचून दाखवली: हे कुठून आलं, हे कुठं चाललं, हे काय आहे, आणि शेवटी सोडलं की अडवलं. नाना पुढे झुकले. जवळजवळ तासभर ते एकेक रकाना बघत होते. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण रकाने वाचता येत होते.

"एक बी कोरा नही," ते पुटपुटले. मग माझ्याकडे वळून अगदी काळजीनं विचारलं, "हाऊ जेवाले कवय जास?"

"तो जेवत नाही, नाना."

"याले बदली कोन येस?"

"कोणी नाही."

त्यांनी पेटीवर हात ठेवला. गरम होती. काढला नाही लवकर.

घरी परतलो तेव्हा ऊन उतरलं होतं. नाना आधी फाटकातून आत गेले आणि मी मागून शिरणार, तेवढ्यात साखळी लावून खुर्चीत बसले. मी बाहेर. मला वाटलं, पुन्हा तेच तीन प्रश्न. पण त्यांनी वही उघडली, मागची पानं उलटली आणि वही माझ्याकडे फिरवली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

माझ्या नावाच्या ओळी होत्या. 'जळगाव, खोली, वांगी तीन.' 'जळगाव, खोली, पोरीचा फोटो, डोये लाल.' 'पुणे, खोली, पुस्तक जाड, वाचेल नही.' मी हसणार होते. पण त्यांचं बोट खाली सरकत होतं, अक्कांसारखं, ओळीमागून ओळ, आणि पुण्याहून परतल्याच्या, थंडीतल्या त्या सोमवारावर येऊन थांबलं. कुठून, ते होतं. कुठं, ते होतं. तिसरा रकाना कोरा.

"मशीननी एक बी कोरा सोडा नही," नाना म्हणाले. "मन्ही वहीमा हाऊ एक शे."

पेन पुढे केलं.

म्हणजे त्यांनी माझं खोटं लिहिलं नव्हतं, आणि माझ्या तोंडून आल्याशिवाय खरंही लिहिलं नव्हतं. सासूबाईंना, साहेबांना, नवऱ्यालासुद्धा जे मी कधी सांगितलं नाही, ते मी साखळीवरून वाकून, रस्त्यात उभं राहून लिहिलं. नापास. अक्षर बरं आलं नाही.

नानांनी ते वाचलं, शेजारी नाक्यावर करत तशी छोटी सही केली, वही मिटली आणि उठून साखळी काढली.